भुलेच्या झोपेंतील ऊब

शस्त्रक्रियेनंतर रोगी कुडकुडूं लागला, कीं नातलगांचा जीव घाबरा होतो. ही थंडी कोठून येते, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

निरोगी शरीराचें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सियस असतें. गारठ्यांत त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावून ही ऊब राखितात. संपूर्ण भूल दिली म्हणजे हा पहारा सुटतो. वाहिन्या सैलावतात व आंतील ऊब हातापायांकडे ओसरते. पहिल्या तासांतच शरीर एखाद्या अंशानें निवतें. भूल उतरतांच तें गमावलेली ऊब मिळवूं पाहतें, म्हणून कांपरें भरतें.

एकदोन अंशांचें तें काय, असें कोणी म्हणेल. ऑस्ट्रियांत मोठ्या आंतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रोग्यांचा वृत्तान्त १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निवलेल्यांपैकीं शेकडा १९ जणांची जखम दूषित झाली. उबदार ठेविलेल्यांपैकीं शेकडा ६ जणांचीच.

यास्तव हल्लीं ऊन हवेनें फुगणारें पांघरूण घालितात व शिरेंतून द्यावयाचें द्रव कोमट करितात. पालकहो, शस्त्रक्रियेपूर्वीं मूल गारठलें असल्यास परिचारिकेस निःसंकोच सांगावें. निजलेल्यास आपली थंडी सांगतां येत नाहीं. ती जागत्यांनींच ओळखावयाची असते.