फलनाचा प्रांत आणि व्याप्ती

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली अनेक मुले अकरावीच्या गणितात फंक्शन, डोमेन आणि रेंज या शब्दांपाशी अडखळतात. सूत्र पाठ असते. पण ते कोणाला लागू आहे, हे विचारले की मुले गप्प होतात. आमचा विषय इतिहास. तरीही या शब्दांमागील विचार नागरिकशास्त्रालाही जवळचा असल्याने तो येथे मांडत आहोत.

वसतिगृहात प्रत्येक विद्यार्थ्यास एक खोली दिली जाते. कोणालाही वगळायचे नाही आणि कोणालाही दोन खोल्या द्यायच्या नाहीत, एवढी अट पाळली की त्या वाटपास फंक्शन, म्हणजेच फलन, म्हणता येते. ज्यांच्यासाठी वाटप करावयाचे त्या सर्व विद्यार्थ्यांचा संच म्हणजे डोमेन, अर्थात प्रांत. उपलब्ध सर्व खोल्यांचा संच हा सहप्रांत. ज्या खोल्यांत प्रत्यक्षात कोणी राहावयास गेले, तेवढ्यांचाच संच म्हणजे रेंज, अर्थात व्याप्ती. एका खोलीत चौघे राहिले तरी फलनास बाध येत नाही. रिकामी खोली सहप्रांतात असते, व्याप्तीत नसते.

आता आपला जिल्हा पाहू. येथे 12 विधानसभा मतदारसंघ आहेत. प्रत्येकास त्याच्या लोकसभा मतदारसंघाशी जोडले, तर प्रांतात 12 घटक येतात. महाराष्ट्रातील 48 लोकसभा मतदारसंघ हा सहप्रांत मानू. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासा हे सहा शिर्डीकडे जातात. शेवगाव, राहुरी, पारनेर, अहमदनगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड हे सहा अहमदनगरकडे. म्हणजे सहप्रांत 48 घटकांचा, व्याप्ती मात्र दोनच घटकांची. हीच जोडणी उलट केली, तर शिर्डीसमोर सहा उत्तरे येतात. म्हणून ते फलन होत नाही.

संख्यांच्या बाबतीतही हेच घडते. ‘दुप्पट करा’ हा नियम 1, 2, 3 या प्रांतावर लावला तर व्याप्ती 2, 4, 6 एवढीच. सर्व नैसर्गिक संख्यांवर लावला तर व्याप्तीत साऱ्या सम धन संख्या येतात. नियम तोच, प्रांत बदलताच फलन निराळे झाले. ‘12 ला त्या संख्येने भागा’ या नियमाच्या प्रांतातून 0 वगळावा लागतो, कारण 0 ला कशानेही गुणले तरी 12 मिळत नाहीत. तेथे वगळण्यास गणिती कारण आहे.

माणसांचा प्रांत ठरवताना मात्र कारण तपासावे लागते. 1935 च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. बहुसंख्य प्रौढ त्या प्रांताबाहेर होते. संविधानाच्या अनुच्छेद 326 ने तो सर्व प्रौढ नागरिकांसाठी खुला केला आणि 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून वयोमर्यादा 21 वरून 18 वर आणली. ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वात फलनाचीच अट आहे : प्रत्येकास एक, आणि एकच.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे : मुलगा किंवा मुलगी गणित सोडवावयास बसली की उत्तराआधी विचारा, “हा नियम कोणासाठी आहे? त्यातून प्रत्यक्ष काय मिळते?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रांत, दुसऱ्याचे व्याप्ती. ही दोन उत्तरे वहीत आधी लिहिण्याची सवय लागली, की सूत्राची भीती बरीच कमी होते.