कादंबरीकाराची एकुलती कन्या

बीड जिल्ह्यांत अंबाजोगाई हें पुरातन क्षेत्र आहे. योगेश्वरीच्या दर्शनास तेथें जाणारा यात्रेकरू बहुधा मुकुंदराजाच्या समाधीपुढेंहि मस्तक नमवून परततो. परंतु त्या गांवीं आणखी एक वस्तु आहे, ती म्हणजे दासोपंतांची पासोडी. इ. स. १५५१ मध्यें जन्मलेल्या या सत्पुरुषानें वेदांतांतील पंचीकरणाचा विषय सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर लिहून काढला. कापड जीर्ण होतें, शाई फिकट होते. तरीहि कवीच्या पश्चात् चारशें वर्षांनीं ती पासोडी आपणांस पाहावयास मिळते. याचें कारण एकच. मागच्यांनीं लिहिलेलें पुढच्यांनीं जपलें.

पासोडी जपणें सोपें नाहीं. पण निदान काय करावयाचें तें स्पष्ट असतें. वाळवी, ओल आणि चोर यांपासून तिचें रक्षण करावें म्हणजे झालें. आधुनिक ग्रंथकाराच्या वारसापुढें मात्र निराळीच अडचण उभी असते. ग्रंथ छापलेले असतात, त्यांच्या हजारों प्रती झालेल्या असतात, ते नष्ट होण्याचें भय नसतें. भय असतें तें हें, कीं ते कपाटांत सुरक्षित राहतील आणि कोणी वाचणार नाहीं. अशा वेळीं ग्रंथकाराच्या अपत्यानें करावें तरी काय? आणि तें अपत्य एकुलतें एक असेल, तर सारा भार एकाच खांद्यावर येतो. आजच्या भाषणांत मी अशाच एका कन्येचें चरित्र आपणांपुढें ठेवणार आहें. ती कन्या म्हणजे गो. नी. दांडेकर यांची लेक, डॉ. वीणा देव.

परदेशांतहि हा प्रश्न अनेकांना पडला आहे. रहस्यकथांची सम्राज्ञी अगाथा ख्रिस्ती हिची एकुलती कन्या रोझालिंड हिनें आईच्या साहित्याचें रक्षण अत्यंत कडक शिस्तीनें केलें. कथांचें नाटक अथवा चित्रपट होतांना मूळ कृतीला धक्का लागूं नये म्हणून ती २००४ सालीं मृत्यु येईपर्यंत दक्ष राहिली. व्लादिमीर नाबोकोव्ह याचा एकुलता पुत्र दिमित्री यानें पित्याच्या रशियन ग्रंथांचीं इंग्रजी भाषांतरें केलीं. आणि जी अपुरी कादंबरी जाळून टाका असें पित्यानें सांगून ठेवलें होतें, ती पुष्कळ वर्षांच्या घालमेलीनंतर २००९ सालीं प्रसिद्ध केली. याच्या उलट ए. ए. मिल्न याचा एकुलता मुलगा ख्रिस्तोफर. बापाच्या बालकथांतील बालनायकाला त्याचेंच नांव दिलेलें असल्यामुळें तो पुष्कळ वर्षें अवघडून राहिला, आणि डार्टमथ या लहानशा गांवीं पुस्तकांचें दुकान घालून त्यानें आपला स्वतंत्र मार्ग धरला. एकीनें पहारा केला, एकानें आज्ञा मोडली, एक दूर गेला. वीणाताईंनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं पित्याचे शब्द मोठ्यानें वाचले.

हें काम किती अवघड होतें हें कळण्यासाठीं तो पिता कोण होता हें पाहिलें पाहिजे. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजीं वऱ्हाडांतील परतवाडा येथें झाला. कोवळ्या वयांत स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीनें त्यांनीं शाळा सोडली, घर सोडलें. गाडगेमहाराजांच्या सहवासांत ते राहिले, संतवाङ्मयाचा आणि वेदांताचा त्यांनीं अभ्यास केला, नर्मदामाईची परिक्रमा पायीं केली. पुढें मावळांतील तळेगांव दाभाडे येथें ते स्थिरावले आणि लेखणीवरच चरितार्थ चालविण्याचें व्रत त्यांनीं घेतलें. घरीं त्यांना 'आप्पा' म्हणत. महाराष्ट्रानें त्यांना 'गोनीदा' म्हटलें. १९७६ सालीं 'स्मरणगाथा' या आत्मकथनास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८१ सालीं अकोल्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, आणि १ जून १९९८ रोजीं त्यांची भ्रमंती संपली.

या माणसाचा विशेष असा, कीं तो पायांनीं लिहीत असे. जेथें गेला नाहीं तेथील गोष्ट त्यानें सहसा सांगितली नाहीं. 'पडघवली' मध्यें कोकणांतील मोडत चाललेल्या गांवाची कहाणी अंबूवहिनी आपल्या बोलींत सांगते. 'माचीवरला बुधा' मध्यें मुंबईला कंटाळलेला म्हातारा राजमाचीच्या मुलुखांत परततो आणि झाडांपाखरांशीं नातें जोडतो. 'जैत रे जैत' मध्यें ठाकरांचें जग आहे, त्यावरील डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट १९७७ सालीं आला आणि गाजला. 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडी बोलींत आहे, तर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' थेट भाक्रा-नांगलच्या धरणावर जाऊन पोंचते. ही भाषा मुळांत बोललेली भाषा आहे. ती कागदावर उतरली, तरी तिचें खरें घर कान हेंच आहे.

ही गोष्ट त्यांच्या लेकीला कळली, आणि तेथेंच तिच्या आयुष्याच्या कार्याचें बीज पडलें.

वीणाताईंचें बालपण तळेगांवीं गेलें. ज्या घराचा कर्ता पुरुष केव्हां गडावर असेल आणि केव्हां लिहावयास बसेल याचा नेम नाहीं, त्या घरांत माउली नीराताईंनीं संसार धरून ठेवला होता. पुढें वीणाताईंनीं मराठी हाच आपला विषय केला आणि पुण्याच्या शाहू मंदिर महाविद्यालयांत तीस वर्षांहून अधिक काळ मराठीचें अध्यापन केलें. त्यांचे पति डॉ. विजय देव हे राज्यशास्त्राचे अध्यापक. म्हणजे पतिपत्नी दोघांचाहि व्यवसाय वर्गांत उभें राहून बोलण्याचा. आवाज कसा पोंचवावा, कोठें थांबावें, ऐकणाराचें लक्ष कोठें सुटतें, हें दोघांनाहि रोजच्या कामांतून ठाऊक होतें.

१९७५ साल हें ज्ञानेश्वरमहाराजांच्या जन्माच्या सातशेंव्या वर्षाचें. ज्ञानदेवांच्या जीवनावर गोनीदांनीं 'मोगरा फुलला' ही कादंबरी लिहिली आहे. त्या सुमारास या दांपत्यानें कादंबरीचें जाहीर अभिवाचन करण्यास आरंभ केला. पुढें 'शितू', 'पडघवली', 'मृण्मयी', 'माचीवरला बुधा', 'जैत रे जैत' अशा एकामागून एक कादंबऱ्या त्यांनीं श्रोत्यांपुढें ठेवल्या. महाराष्ट्रांत आणि परदेशांतील मराठी मंडळींपुढेंहि शेंकडों प्रयोग झाले. कालांतरानें अभिनेत्री म्हणून प्रसिद्ध असलेली त्यांची कन्या मृणाल कुलकर्णी आणि जामात रुचिर कुलकर्णी हेहि वाचनास बसूं लागले. आजोबांची कादंबरी, लेकीचें संपादन आणि नातीचा स्वर, असा तीन पिढ्यांचा मेळ एकाच व्यासपीठावर दिसूं लागला.

आतां कोणी म्हणेल, पुस्तक हातांत घेऊन वाचण्यांत विशेष तें काय? श्रोतेहो, विशेष पुष्कळ आहे. दोन-तीनशें पानांची कादंबरी सुमारें दोन तासांत बसवावयाची, म्हणजे बहुतेक भाग गाळावा लागतो. काय गाळावें? येथें लेकीची परीक्षा होते. वडिलांचें प्रत्येक वाक्य तिला प्रियच असणार. परंतु वाचकाला जें वर्णन पानावर रमवितें तें श्रोत्याला थकवूं शकतें, कारण वाचणाऱ्याला मागचें पान उलटतां येतें, ऐकणाऱ्याला तें येत नाहीं. तेव्हां कन्येची माया बाजूस ठेवून संपादकाची कात्री हातीं घ्यावी लागते. आणि कात्री चालवितांना वडिलांच्या वाक्यांत आपला एकहि शब्द मिसळणार नाहीं हें पाहावें लागतें. गाळावयाचें, पण बदलावयाचें नाहीं.

दुसरी अडचण स्वराची. नाटकांत नट पात्राचें सोंग घेतो, रंगभूषा करतो, पाठ केलेले संवाद बोलतो. पडदा आणि प्रकाश त्याच्या साहाय्यास असतात. अभिवाचनांत यांपैकीं कांहीं नाहीं. हातांत संहिता असते आणि ती लपवावयाची नसते. वाचणारानें पात्राला आपला आवाज उसना द्यावयाचा, परंतु पात्र होऊन जावयाचें नाहीं. कारण पुढच्याच वाक्यांत निवेदन येतें, आणि तेथें लेखकाचा शांत स्वर पुन्हां सुरू व्हावा लागतो. अभिनय थोडा अधिक झाला तर कादंबरीचें नाटक होतें, थोडा उणा पडला तर शाळेंतील धडा होतो. त्या दोहोंमधील अरुंद वाट वीणाताईंनीं धरून ठेवली. शितूसारख्या अभागी पोरीचें दुःख सांगतांना रडूं वाचणारानें रडावयाचें नसतें, तें ऐकणारासाठीं ठेवावयाचें असतें.

पाहूं गेलें तर ही रीत आपल्याला नवी नाहीं. चातुर्मासांत ओसरीवर पोथी लागे, एक जण वाची आणि आळी ऐके. मुकुंदराज आणि दासोपंत आपल्या पूर्वजांना भेटले ते अशा वाचनांतूनच. छापखाना आला, कादंबरी आली, आणि वाचन हें एकट्यानें, मुक्यानें करावयाचें काम झालें. वीणाताईंनीं कादंबरीला पुन्हां ओसरीवर आणून बसविलें असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

त्यांचें स्वतःचें लेखनहि आहे. 'आशक मस्त फकीर' या ग्रंथांत त्यांनीं गोनीदांचें व्यक्तित्व रेखाटलें. 'परतोनि पाहे', 'स्त्रीरंग' अशीं आणखीहि पुस्तकें लिहिलीं. नामवंतांच्या मुलाखती घेण्यांतहि त्यांचा हातखंडा होता. परंतु मोठ्या वृक्षाच्या छायेंत वाढणाऱ्या रोपाला ऊन कमी मिळतें, हा निसर्गनियम आहे. 'गोनीदांची कन्या' ही ओळख त्यांच्या नांवाच्या आधीं येत राहिली. दुसऱ्याच्या शब्दांना आवाज देण्यांत जो वेळ गेला, त्यांत त्यांच्या स्वतःच्या शब्दांचा कांहीं वांटा निश्चित गेला असेल. वारसा फुकट मिळत नसतो; घेणाराला त्याचें मोल आपल्याच आयुष्यांतून चुकवावें लागतें. त्यांनीं तें चुकविलें.

गोनीदांचें दुर्गप्रेमहि या कुटुंबानें पोरकें होऊं दिलें नाहीं. त्यांच्या नांवानें दुर्गप्रेमी मंडळ उभें राहिलें आणि गडांविषयीं लिहिणाऱ्यांची व गड चढणाऱ्यांची गांठ घालून देणारीं दुर्ग साहित्य संमेलनें भरूं लागलीं. 'मृण्मयी' हें कादंबरीचें नांव पुरस्काराला देऊन गोनीदांची, आणि 'नीरा-गोपाल' पुरस्कारानें आईची व वडिलांची एकत्र आठवण ठेवली गेली. कीर्तिमान लेखकाच्या मागें त्याची गृहिणी बहुधा विसरली जाते. या लेकीनें आईचें नांव आधीं ठेवलें, ही गोष्ट लहान दिसली तरी माझ्या मनांत घर करून आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजीं वीणाताई पुण्यांत निवर्तल्या. विजयराव त्यांच्या आधींच गेले होते. ज्या दोन कंठांनीं मिळून हें काम आरंभिलें, ते दोन्ही आतां थांबले आहेत.

येथें मला पुन्हां ती अंबाजोगाईची पासोडी आठवते. कापड पेटींत ठेवतां येतें, आवाज ठेवतां येत नाहीं. यंत्रावर त्याचें मुद्रण होतें हें खरें. परंतु मुद्रित आवाज हाहि अखेर एक प्रकारची पासोडीच होय. वीणाताईंनीं जें चालविलें तें चालूं राहावयाचें, तर तें पुन्हां कोणी तरी वाचावें लागेल. त्यासाठीं सभागृह लागत नाहीं, तिकिटें लागत नाहींत आणि वाचणारा लेखकाच्या कुळांतलाच असावा असेंहि नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील एकानें 'पडघवली'चीं चार पानें मोठ्यानें वाचावीं आणि इतरांनीं ऐकावीं. मुलें प्रथम चुळबुळ करतील, बोलींतील शब्दांना हंसतील. हंसूं द्यावें. तिसऱ्या दिवशीं तींच विचारतील, अंबूवहिनीचें पुढें काय झालें?

गोनीदांना एकच लेक होती. ऐकणारीं घरें मात्र पुष्कळ असूं शकतात.