आडनावातला ‘ळ’

माझ्या आडनावात ‘ळ’ आहे. पासपोर्टात तो इंग्रजी ‘एल’ झाला. २०२१च्या जूनमध्ये तोक्योच्या वॉर्ड ऑफिसात आम्ही लग्न नोंदवलं, तेव्हा माझं नाव काताकाना लिपीत लिहिलं गेलं. जपानीत ‘ळ’ नाही आणि ‘ल’ही नाही, म्हणून तिथे ‘र’ बसला. पुढच्या वर्षी पुण्याला कायमचं परतायचं ठरलं. बायकोच्या व्हिसासाठी त्या नोंदीचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, तर भाषांतरकाराने काताकाना वाचून सरळ ‘आर’ लिहिला. कागदावर तिचा नवरा भलताच कोणीतरी झाला.

जपानमध्ये लग्न म्हणजे एक फॉर्म. त्यावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, सोबत माझ्या अविवाहित असल्याचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर. वॉर्ड ऑफिसने फॉर्म स्वीकारला की तुम्ही नवरा-बायको. पुरावा म्हणून पुढे वापरायची ती ‘कोसेकी’, म्हणजे कुटुंबाची नोंदवही. परदेशी माणसाला स्वतःची कोसेकी नसते. बायकोच्या कोसेकीत, अमुक दिवशी अमुक देशाच्या अमुक माणसाशी लग्न झालं, एवढी नोंद पडते. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ रकान्यात नाव लागावं, तसं माझं नाव तिथे लागलं होतं. कोसेकीच्या उताऱ्यावर जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, घ्यायचं. त्याला पैसे पडत नाहीत, पण उतारा तीन महिन्यांच्या आतला लागतो.

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला मिळतो तो एंट्री व्हिसा, बोलीभाषेत एक्स व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर घेऊन ये, तिकडे बदलून घेता येईल, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. जी बाई घर मोडून आपल्याबरोबर कायमची निघाली आहे, तिला आपल्या देशात पर्यटक म्हणून का न्यायचं?

फॉर्म ऑनलाइन भरायचा. रविवारी सकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. आईवडिलांची नावं, जन्मगाव, राष्ट्रीयत्व; आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानचं होतं का; गेल्या दहा वर्षांत कुठल्या देशांत गेलात. हे भराभर झालं. ‘धर्म’ या रकान्यापाशी ती थांबली. नव्या वर्षी ती शिंतो देवळात जाते, आजोबांचे दिवस बौद्ध देवळात झाले. यातलं एक निवडा, असं तिला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने ‘बौद्ध’ निवडलं. मग ‘शरीरावरची ओळखीची खूण’. आम्ही तिच्या हाताच्या कोपराजवळचा तीळ लिहिला. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, आणि तो तीळ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

अर्ज घेणाऱ्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्या पासपोर्टाची झेरॉक्स आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवलं आणि पेन्सिलीचं टोक एकेका अक्षरावरून पुढे नेत गेल्या. ‘एल’पाशी पेन्सिल थांबली. मग त्यांनी बायकोचं नाव तपासलं. तिच्या आडनावाच्या शेवटी दीर्घ ‘ओ’ आहे. जपानी पासपोर्टात तो नुसत्या ‘ओ’ने लिहितात, भाषांतरात त्यापुढे ‘यू’ आला होता. म्हणजे दोघांचीही नावं चुकलेली. कागद परत आले. त्या वेळी मी चिडलो; आज वाटतं, त्या बाईंनी आमच्यावर उपकारच केले. ती चूक तिथे निसटली असती, तर पुढच्या प्रत्येक टेबलावर आमच्या आधी जाऊन बसली असती. भाषांतर पुन्हा करून घेतलं, दोन्ही पासपोर्टांतल्या स्पेलिंगप्रमाणे.

व्हिसा आला. पुण्यात उतरल्यावर चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची होती. २०१८पासून हे काम ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतं. राहत्या जागेचा पुरावा म्हणून कोथरूडच्या घराचं वीज बिल जोडायला काढलं, तर ते अजून बाबांच्या नावावर. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बिल दर महिन्याला येत होतं, आई भरत होती, नाव बदलावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. शेवटी सोसायटीचं पत्र, आईचं संमतीपत्र आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला असं सगळं अपलोड केलं. मृत्यूचा दाखला स्कॅन करताना आई शेजारी उभी होती. म्हणाली, “चला, सुनेच्या कामी आले.”

या नोंदणीच्या चौकशीला हवालदार आले, तेव्हा त्यांना आईने चहा दिला. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं, “या मॅडम इथेच राहतात ना?” काकू म्हणाल्या, “राहतात म्हणजे? सकाळी माझ्या आधी उठून झाडांना पाणी घालतात.”

या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या काळाबद्दल. तिच्या व्हिसावर नोकरीची मुभा नव्हती. पुण्यात जपानी शिकणारी मुलं गल्लोगल्ली सापडतात, आणि ती जपानी भाषेची शिक्षिका. पहिल्याच महिन्यात शिकवायला बोलावणं आलं, ते नाकारावं लागलं. सकाळी मी कामाला जायचो आणि ती घरी मराठीची बाराखडी गिरवत बसायची. जो देश जोडीदाराला घरात राहू देतो, त्याने त्याला पहिल्या दिवसापासून कामही करू द्यावं, हे माझं ठाम मत आहे.

तोडगा ओसीआयचा, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाचा होता, पण परदेशी जोडीदाराला त्यासाठी नोंदणीकृत लग्नाची सलग दोन वर्षं पूर्ण करावी लागतात. शिवाय नावातल्या ‘सिटिझन’ शब्दाने माझे सासरे घाबरले. आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तर जपानी नागरिकत्व जातं, असा तिकडचा कायदा आहे. ओसीआयला मत देता येत नाही, भारतीय पासपोर्ट मिळत नाही. हे नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा आहे, असं तिने त्यांना सविस्तर पत्र लिहून कळवलं. २०२३च्या जुलैमध्ये पंधरा हजार रुपये फी भरून अर्ज केला. मुलाखत झाली. कागद पुन्हा अक्षर अक्षर तपासले गेले. या वेळी पेन्सिल कुठे थांबली नाही. कार्ड आल्यावर पंधरा दिवसांत तिने पहिला वर्ग घेतला.

परदेशी जोडीदाराला घेऊन गावी परतायचा विचार असेल, तर लग्नाची नोंदणी लांबवू नका; ती दोन वर्षं नोंदणीपासून धरली जातात. भाषांतराला कागद देताना दोघांच्याही पासपोर्टांच्या झेरॉक्स सोबत द्या. आणि घरचं वीज बिल कोणाच्या नावावर आहे, ते आजच बघून घ्या.