आमदारांचं घर

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आमदारांच्या घरी लग्नपत्रिकांसाठी वेगळं टेबल आहे. मे महिन्यात ते पत्रिकांखाली दिसेनासं होतं. रात्री जेवणं झाली की आमदारांच्या आई, धाकटा भाऊ, पत्नी आणि वडिलांच्या काळापासूनचे स्वीय सहायक त्या टेबलाभोवती बसतात आणि उद्याच्या मुहूर्तांची वाटणी सुरू होते. पत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकेक अक्षर पडतं. ‘दा’ म्हणजे दादा, अर्थात आमदार स्वतः. ‘भा’ म्हणजे भाऊ, ‘व’ म्हणजे वहिनी. साडेबाराच्या मुहूर्तावर तालुक्याच्या चार टोकांना चार लग्नं असतील तर चौघं चार दिशांना जातात. सगळा वाद होतो तो ‘दा’वरून. कुणाच्या पत्रिकेवर ‘दा’ आणि कुणाच्या ‘भा’, हे दुसऱ्या दिवशी गावात बरोबर कळतं.

नाव, तालुका, पक्ष यांतलं काहीही लिहायचं नाही, या अटीवर मला तिथे बसू दिलं होतं. आजोबा पंचायत समितीचे सभापती, वडील आमदार, आता हे. घराणेशाहीवर आपण रागाने लिहितो, तेव्हा बहुतेक आडनावाबद्दल लिहितो. त्या टेबलापाशी बसल्यावर मला आडनावापेक्षा माणसं मोजावीशी वाटली. एकट्या आमदाराला दोन पाय असतात. या घराला आठ-दहा आहेत.

लग्न चुकलं तर माणसं रुसतात, पुढे समजूत निघते. मयत चुकली तर निघत नाही. त्यामुळे मयतीचं खातं सहायकांनी स्वतःकडे ठेवलं आहे. सकाळी सहाला त्यांचा फोन वाजायला लागतो. गावोगावचे कार्यकर्ते रात्रीत कोण गेलं ते सांगतात. मातीला पोचणं शक्य नसेल तर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला, तेही नाही जमलं तर घरी सांत्वनाला जायचं. ते वहीत लिहितात गावाचं नाव, गेलेल्याचं नाव, आणि समोर एक टीप: ‘अण्णांबरोबर कारखान्याच्या निवडणुकीत होते’, ‘मागच्या वेळी विरोधात, मुलगा आपल्याकडे’. अण्णा म्हणजे आमदारांचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण वहीत ते अजून वर्तमानकाळातच आहेत. नवख्या उमेदवाराला पैसा उभा करता येतो, पक्षाचं तिकीटही मिळतं. ही वही मिळत नाही.

सकाळी साडेसातपासून अंगणातल्या खुर्च्या भरतात. येणाऱ्यांच्या कामांत विधिमंडळाशी थेट संबंध असलेलं एकही काम मला दिसलं नाही. वस्तीवरची डीपी जळाली आहे, पंधरा दिवस झाले, पिकं वाळताहेत. पाणंद रस्ता शेजाऱ्याने नांगरला. कालव्याचं आवर्तन टेलपर्यंत पोचत नाही. उसाला तोड मिळत नाही, टोळी मधूनच दुसऱ्याच्या फडात गेली. मुलीला हॉस्टेल पाहिजे. जावयाची बदली पाहिजे. एका आजोबांचं काहीच काम नव्हतं. त्यांना दादांना नुसतं बघायचं होतं, आणि दादांनीही उठून त्यांना आत चहाला नेलं. तेवढ्यात डीपीवाले घड्याळ बघत होते.

दादा प्रत्येकाचं ऐकतात, मान हलवतात आणि डावा हात बाजूला करतात. त्या हातात सहायक फोन ठेवतात, नंबर आधीच लावलेला असतो. महावितरणच्या अभियंत्याशी एक मिनिट, तहसीलदारांशी अर्धं. बोलणं सभ्य असतं, आवाज चढत नाही. ‘साहेब, बघा जरा, आपली माणसं आहेत.’ अधिकाऱ्याला यातलं ‘बघा जरा’ किती वजनाचं आहे हे ऐकताक्षणी समजतं. पत्राचंही तसंच. शिफारसपत्र मागेल त्याला मिळतं, नाही कुणालाच म्हणत नाहीत. पण ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असं लिहिलेलं पत्र घेऊन माणूस समाधानाने निघाला, की सहायक खाली बघून पुढचा कागद ओढतात. ज्याचं खरंच करायचं, त्याच्या पत्रामागून फोन जातो. मला हा प्रकार अप्रामाणिक वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सहायकांना राग आला नाही. नाही म्हणायला आमदाराने किती निवडणुका हरायच्या, एवढंच त्यांनी विचारलं.

रात्रीचे फोन मात्र खरे असतात. अपघात झालेला असतो, रुग्ण पुण्याकडे निघालेला असतो आणि खाट मिळत नसते. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, उपकार नव्हे. पण रात्री अडीचला कॅज्युअल्टीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तो हक्क आमदाराच्या फोनशिवाय वापरता येत नाही. या घरात त्यासाठी एक तरुण मुलगा नेमलेला आहे. पुण्यातच राहतो, रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकांना नावाने ओळखतो, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स आधी मागवून ठेवतो. त्याचा पगार सरकार देत नाही, घर देतं. निवडणुकीत यातलं एकेक कुटुंब किती मतांचं असतं, हे मी सांगायला नको.

निधीबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी, म्हणजे आमदाराच्या खिशात 5 कोटी, असं अंगणातली निम्मी माणसं धरून चालतात. आमदार फक्त कामं सुचवतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून होतं. शंभराच्या आसपास गावं आणि प्रत्येक गावाला सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीची शेड हवी, म्हटल्यावर 5 कोटी दिवाळीपर्यंतही पुरत नाहीत. मग ‘पंचवीस-पंधरा’च्या मागे लागायचं. ग्रामविकास खात्याच्या 2515 या लेखाशीर्षाचं हे बोलीतलं नाव, आणि गावचा सरपंचही ते सराईतपणे घेतो. तो निधी मंत्रालयातून येतो, म्हणून अधिवेशन.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन 1953च्या नागपूर कराराची देणगी. विदर्भाचे प्रश्न तिथे मांडले जावेत हा त्यामागचा विचार. मी दादांच्या मागे फिरलो तेव्हा त्यांच्या हातात कागदांचा जाड गठ्ठा होता आणि त्यांतला बहुतेक मजकूर त्यांच्याच तालुक्याचा होता. लॉबीत मंत्री दिसले की गाठायचे, पाठीमागून सहायकाने फाइल पुढे करायची, मंत्री चालता चालता फाइलीवर कागद टेकवून समासात शेरा मारतात: ‘तपासून सादर करावे’ किंवा ‘तातडीने कार्यवाही करावी’. पहिल्याने काही होत नाही, दुसऱ्याने कदाचित होतं. आत सभागृहात त्या वेळी एका विधेयकावर चर्चा चालली होती. दादांनी ते वाचलेलं नव्हतं. वाचून तरी काय करणार, हा त्यांचा प्रश्न. दहाव्या परिशिष्टाने 1985 पासून पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकीच जाते, तेव्हा हात कुठे वर करायचा हे आधीच ठरलेलं असतं. मला हे उत्तर अर्धंच पटलं. मत पक्षाचं असतं हे खरं, पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, पुरवणी मागण्यांवरचं भाषण आमदाराचं स्वतःचं असतं. त्याला तयारी लागते, आणि तयारीला लागणारा वेळ टेबलावरच्या पत्रिकांनी खाल्लेला असतो.

घराणं उभं राहायला शतक लागत नाही. आर. आर. पाटील तासगावजवळच्या अंजनीचे, सामान्य घरातले, जिल्हा परिषदेतून वर आलेले आणि 1990 पासून सलग आमदार. फेब्रुवारी 2015 मध्ये ते गेले. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई आल्या, 2019 लाही आल्या, 2024 ला पंचविशीतले चिरंजीव रोहित. सांगोल्याचे गणपतराव देशमुख घराणेशाहीच्या विरुद्धचं उदाहरण म्हणून आपण कायम देतो: एसटीने फिरणारे, 1962 पासून अकरा वेळा निवडून आलेले. 2019 ला ते वयोमानाने थांबले आणि शेतकरी कामगार पक्षाने उमेदवारी दिली त्यांच्या नातवाला, अनिकेत देशमुखांना. ते 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, जिंकले. आजोबांनी कुणाला गादीवर बसवलं नाही, लोकांनीच शोधून आणलं.

म्हणून ‘लोकांना घराणी नको आहेत’ हे वाक्य मी लिहीत नाही. 2019 मध्ये राज्यात दोन मतदारसंघांत ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आली, पलूस-कडेगाव आणि लातूर ग्रामीण. दोन्हीकडे विजयी झाले ते मातब्बर घरांतले मुलगे, विश्वजित कदम आणि धीरज देशमुख. म्हणजे समोर उमेदवारच म्हणावा असा कुणी उरला नव्हता. पाच वर्षांनी त्याच लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख हरले. संगमनेरमध्ये 1985 पासून न हरलेले बाळासाहेब थोरात, भाऊसाहेब थोरातांचे पुत्र, त्याच निवडणुकीत नवख्या अमोल खताळांकडून हरले. वडिलांनी जमवलेलं मुलाला कायमचं पुरत नाही.

दादांना हे पक्कं माहीत आहे. संध्याकाळी दौरा संपवून येताना गाडीत त्यांनी दोन वेळा सहायकांना विचारलं, त्या अमक्या वाडीत मागच्या महिन्यात कोण गेलं होतं, आपण की भाऊ? भाऊ, असं उत्तर आल्यावर त्यांनी गाडी तिकडे वळवायला लावली. रात्रीचे साडेनऊ झाले होते. मुलगा आठवीत आहे, तो पुढे काय करणार, असं मी विचारलं. डॉक्टर व्हायचं म्हणतो, ते म्हणाले. पुढच्या सीटवरून सहायकांनी सांगितलं, गणपतीत आरतीला त्याला घेऊन सगळ्या मंडळांना जाऊन आलो.

आपण मतदार या व्यवहारातले भागीदार आहोत. डीपीसाठी महावितरणचा अभियंता आहे, पाणंदीसाठी तहसीलदार आहे, त्यांच्याकडून काम होत नाही म्हणून आपण आमदाराचं अंगण गाठतो आणि ज्याच्या घरात अंगण सांभाळायला जास्त माणसं, त्याला पुन्हा निवडून देतो. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहाचं कामकाज वाचायला मिळतं. एकदा उघडून बघा, आपल्या आमदारांनी गेल्या अधिवेशनात काय विचारलं ते. आणि पुढच्या वेळी ते तुमच्या घरच्या लग्नाला आले, तर जेवणाच्या पंगतीत तेवढं एक त्यांना विचारा.