तबकडीचा फोन बोलता करताना

तबकडीच्या टेलिफोनला चार कामे असतात: बाहेरून हाक आली की घंटी वाजवणे, रिसीव्हर उचलल्याची वर्दी एक्स्चेंजला देणे, नंबर पाठवणे आणि आवाजाची ने-आण करणे. ही कामे करणारे भाग वेगवेगळे असून ते उघड्या डोळ्यांना दिसतात. त्यामुळे बिघाड कुठे आहे हे फोनच सांगतो. घंटी वाजते पण बोलणे ऐकू जात नाही, डायलटोन येतो पण नंबर लागत नाही, अशा प्रत्येक तक्रारीमागे ठरावीक दोन-तीनच जागा असतात. सुटे भाग शोधत हिंडण्याआधी ही जागा नक्की करणे, हीच या दुरुस्तीतली खरी कसोटी आहे.

ऑपरेटरच्या मदतीशिवाय नंबर जोडणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रॉजर यांना १८९१ मध्ये मिळाले. अंत्यसंस्काराची व्यवस्था करणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे सुरू झाले. भारतीय घरांत आणि कचेऱ्यांत दिसणारा काळा बॅकेलाइट फोन मात्र युरोपीय घराण्यातला. नॉर्वेचे कलावंत जाँ हायबर्ग यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी एरिक्सन कंपनीसाठी या घाटाचा फोन घडवला आणि ब्रिटिश टपाल खात्याने १९३७ मध्ये त्याच वळणाचा ३३२ क्रमांकाचा फोन काढला. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची सुरुवात १९४८ मध्ये लिव्हरपूलच्या कंपनीशी झालेल्या तांत्रिक कराराने झाली. साहजिकच तिथल्या सुरुवातीच्या फोनवर ब्रिटिश घडणीची छाप राहिली. पुढील विवेचन याच घराण्यातल्या फोनविषयी आहे.

फोन उघडण्याआधी तो लाइनवरून काढावा. एरवी लाइनवर सुमारे ५० व्होल्ट डीसी असतो आणि त्याने सहसा इजा होत नाही. घंटीसाठी येणारा सुमारे ७५ व्होल्टचा एसी प्रवाह मात्र चांगला झटका देतो, आणि फोन कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसते. तारा सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचा फोटो काढून ठेवावा, कारण तारांचे जुने रंग विटून एकसारखे दिसू लागतात.

पहिली तपासणी साध्या काट्याच्या मल्टिमीटरने होते. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन टोकांना लाइनच्या दोन तारा जोडाव्यात. रिसीव्हर खाली असताना काटा क्षणभर उसळून परत अनंताकडे जायला हवा. रिसीव्हर उचलल्यावर तो शे-दोनशे ओहमच्या आसपास स्थिरावतो. तबकडी बोटाने फिरवून धरली की रोध आणखी उतरतो, कारण त्या वेळी बोलण्याचा भाग मुद्दाम शॉर्ट केलेला असतो. नाहीतर प्रत्येक आकड्याचे खटके कानात आदळले असते. बोट काढल्यावर तबकडी परतताना काटा थरथरतो. दोन मिनिटांच्या या चाचणीत कंडेन्सर, हुक, कॉर्ड आणि डायल या चौघांची पहिली हजेरी होऊन जाते.

रिसीव्हर खाली असताना काटा परत गेला नाही, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. घंटी आणि सुमारे २ मायक्रोफॅरडचा हा कंडेन्सर एकापाठोपाठ जोडलेले असतात. कंडेन्सर घंटीचा एसी प्रवाह जाऊ देतो आणि डीसी अडवतो. जुन्या कंडेन्सरमधला कागद दमटपणाने कमजोर होतो आणि डीसी झिरपू लागतो. मग रिसीव्हर खाली असूनही एक्स्चेंजला तो उचललेला वाटतो आणि बाहेरच्याला एंगेज टोन मिळतो. त्याच्या जागी तितक्याच क्षमतेचा, किमान २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घालावा. इलेक्ट्रोलिटिक घालू नये. जुना डबा फेकून न देता जागेवरच ठेवून नवा त्याच्या खाली लपवला, तर फोनचे मूळ रूपही राहते. कंडेन्सर ठीक असून घंटी मुकी असेल, तर तिच्या गुंडाळ्या तपासाव्यात. ३३२ मध्ये दोन्ही मिळून सुमारे १००० ओहम येतात. गुंडाळ्या शाबूत असतील तर दोष बहुधा वाट्यांच्या अंतरात असतो. वाट्या मध्यभागापासून सरकवून बसवलेल्या असल्यामुळे स्क्रू ढिला करून वाटी किंचित फिरवली, की हातोडीपासूनचे अंतर बदलते.

डायलटोनच येत नसेल, किंवा येतो-जातो असे होत असेल, तर हुकखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या आणि कॉर्ड पाहाव्यात. कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर हिरवा थर चढतो आणि कॉन्टॅक्ट भेटूनही प्रवाह जात नाही. दोन कॉन्टॅक्टच्या मधे कोऱ्या जाड कागदाची पट्टी धरून हलकेच ओढली, तर बहुतेक वेळा काम होते. पॉलिश पेपर लावू नये. मौल्यवान धातूचा पातळ मुलामा त्याने निघून जातो. कॉर्डमध्ये अखंड तार नसते, सुती धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक फीत असते. ती बाहेरून धडधाकट दिसली तरी वाकण्याच्या जागी आतून तुटते. तिला थेट डाग देऊ नये, कारण उष्णतेने धागा जळतो. टोकाला धातूचा टॅग दाबून बसवणे हाच खात्रीचा मार्ग.

डायलटोन येतो पण राँग नंबर लागतात, ही तक्रार सर्वांत रंजक. तबकडी बोटाने फिरवताना फक्त स्प्रिंग आवळली जाते. नंबर जातो तो तबकडी परतताना. त्या वेळी लाइनचा प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो: १ साठी एकदा, ० साठी दहा वेळा. ठरलेला वेग सेकंदाला १० खटके. त्यातल्या प्रत्येकात प्रवाह सुमारे ६७ मिलिसेकंद तुटलेला आणि ३३ मिलिसेकंद जोडलेला असतो. स्ट्रॉजर एक्स्चेंजमध्ये हेच खटके सिलेक्टरचा दांडा एकेक पायरी वर चढवत आणि पुढच्या आकड्याला आडवा फिरवत. डायल फार मंद असेल तर एकाच आकड्याचे दोन तुकडे समजले जात. फार जलद असेल तर दांड्याला पायरी गाठता येत नसे. तबकडी परतताना तिच्यावर बोटाने जोर देऊ नये, असे ग्राहकांना सांगितले जाई ते याचसाठी.

वेग मोजण्याचे उत्तम साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर ० चा आवाज रेकॉर्ड करून संगणकावर त्याची लहर पाहावी. दहा खटक्यांना एक सेकंद लागला तर डायल निरोगी. सेकंदाला ९ ते ११ खटके चालण्यासारखे. डायल मंदावण्याचे कारण बहुधा सुकलेले, चिकट तेल असते. जुने तेल पुसून वर्म गिअर आणि गव्हर्नरच्या दंडाच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा सुईच्या अग्रावर मावेल इतकाच थेंब द्यावा. गव्हर्नरची वजने ज्या वाटीवर घासून वेग आवरतात, तिथे तेलाचा अंशही जाऊ नये. गेला तर घर्षण सुटून डायल सुसाट पळते. बाजारातला तेलाचा स्प्रे मारण्याचा मोह म्हणूनच आवरावा. वेग तरीही चुकत असेल तर वजनांच्या पट्ट्या किंचित बाहेर वाकवल्यास तो कमी होतो आणि आत घेतल्यास वाढतो. मुख्य स्प्रिंग काढण्याची वेळ आलीच, तर तिचे वेढे मोजल्याशिवाय सोडू नये.

समोरच्याला आवाज बारीक किंवा खरखरीत ऐकू येत असेल, तर माउथपीसमधली कार्बनची डबी तपासावी. बोलण्याने पडदा दबतो, त्यामागचे कार्बनचे कण जवळ येतात, रोध घटतो आणि एक्स्चेंजकडून येणारा प्रवाह आवाजाबरहुकूम कमी-जास्त होतो. वर्षानुवर्षे दमट हवेत पडून राहिलेले कण गठ्ठा होऊन बसतात. डबी तळहातावर चार-सहा वेळा हलकेच टिचकावली की ते मोकळे होतात. याने फरक पडला नाही तर डबी बदलावी. फोडून दुरुस्त करण्याजोगी ती नसते.

बॅकेलाइट पाण्यात बुडवू नये. ओलसर फडक्याने पुसून, बारीक पॉलिशने घासून मेण लावल्यावर काळा रंग पुन्हा खुलतो. उन्हाने वरचा थर खरवडल्यासारखा झालेला असेल तर मात्र पूर्वीची झळाळी येत नाही.

शेवटी प्रश्न लाइनचा. फायबरच्या मोडेमला फोनसाठी जागा असली, तरी प्रत्येक मोडेमला तबकडीचे खटके समजतातच असे नाही. ज्याला समजत नाहीत, तिथे खटक्यांचे टोनमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी मधे जोडावी लागते. घंटीच्या गुंडाळ्या जड असल्यामुळे एका मोडेमवर असे दोन फोन लावल्यास दोन्ही मुके राहण्याची शक्यता असते. फोन जोडल्यावर आधी १ आणि ० हे आकडे असलेला नंबर फिरवून पाहावा. मग दुसऱ्या फोनवरून रिंग द्यावी. रिसीव्हर उचलताच घंटी थांबली, दोन्हीकडे आवाज स्पष्ट आला आणि रिसीव्हर ठेवल्यावर लाइन मोकळी झाली, की तळाचे स्क्रू आवळायला हरकत नाही.