वाढत्या गावाचा उमेदवार

लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक आली की तिची चर्चा घरोघर होते. नगरपालिकेच्या निवडणुकीला तो मान मिळत नाही. सुशिक्षित माणूस तिच्याकडे थोड्या तुच्छतेनेच पाहतो, आणि नळाला पाणी आले नाही की पहिला दोष मात्र पालिकेला देतो. ही विसंगती जुन्या, स्थिरावलेल्या शहरात खपून जाते. जे गाव डोळ्यांदेखत वाढत आहे, तेथे ती महाग पडते. अशा गावात पालिकेच्या निवडणुकीला उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करू.

उदाहरण घेऊ बदलापूरचे. मुंबईहून कल्याणमार्गे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, उल्हास नदीच्या काठी, मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरांवर हे गाव आहे. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ते तिच्यात सामील केले गेले. १९९२ साली पुन्हा वेगळे निघाले आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचा कारभार स्वतंत्रपणे सुरू झाला. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस ठाण्याला, ठाण्याहून डोंबिवलीला, आणि तेथूनही पुढे अंबरनाथ-बदलापूरला सरकत गेला, हा या आकड्यांचा इतिहास.

आपल्या श्रोत्यांपैकी पुष्कळजण इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत राहणारे असतील. तेथील पालिकांचे कायदे निराळे आहेत. परंतु १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने देशातील नगरपालिकांना एक समान पाया दिला. पाच वर्षांची मुदत, निवडणुकांसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी राखीव जागा, आणि उमेदवाराचे किमान वय २१ वर्षे, या गोष्टी त्यातूनच आल्या. स्त्रियांसाठी घटनेने किमान एकतृतीयांश जागा सांगितल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या.

आता उमेदवारासमोरची पहिली अडचण. त्याचा मतदार कोण? महाराष्ट्रात पालिका निवडणुकीसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही. विधानसभेची जी यादी ठरावीक तारखेला अस्तित्वात असते, तीच प्रभागवार विभागून घेतली जाते. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै होती. म्हणजे जो माणूस बदलापुरात सदनिका घेऊन राहिला, पण ज्याचे नाव अजून परळच्या किंवा साताऱ्याकडील गावाच्या यादीत आहे, तो पालिकेचा कर भरतो, पालिकेच्या रस्त्याने चालतो, आणि पालिकेच्या निवडणुकीत त्याला मत नाही. उलटही घडते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही. तेथे सामान्यतः वास्तव्य असावे लागते. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या बंद सदनिकांचे मालक म्हणूनच मतदार होऊ शकत नाहीत. नवी इमारत दिसली की तेथे शंभर मते आहेत असे गणित मांडणारा उमेदवार मतमोजणीच्या दिवशी चकित होतो.

दुसरी अडचण प्रभागांची. प्रभागांच्या सीमा शेवटच्या जनगणनेवरून आखाव्या लागतात, आणि ती जनगणना आहे २०११ ची. २०२१ ची गणना झालीच नाही. पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे. २०२५ चे प्रभाग त्यामुळे चौदा वर्षांपूर्वीच्या गावावरून आखले गेले. जुन्या गावठाणात चौदा वर्षांत फारसा फरक पडत नसेल. ज्या शेतात तेव्हा भात लावला जाई आणि आज जेथे इमारतींच्या रांगा आहेत, तेथील प्रभागात एका नगरसेवकाच्या वाट्याला येणारी माणसे कागदावरच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक असतात. त्यातच प्रभाग बहुसदस्य, म्हणजे एका प्रभागातून दोन किंवा क्वचित तीन सभासद. मतदार त्यांना मत देतो आणि नगराध्यक्षालाही थेट मत देतो. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ साली आणली गेली, २०२० साली काढून टाकली गेली आणि २०२२ साली पुन्हा आणली गेली. एवढ्या फेऱ्यांनंतर सामान्य मतदाराने यंत्रावर किती वेळा बटण दाबायचे असे विचारले, तर त्याला हसू नये.

अर्ज भरण्याची बाब मानाने सोपी. पालिकेच्या यादीत नाव हवे, पालिकेची थकबाकी नको, पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध नको. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांविषयीचे शपथपत्र द्यावे लागते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि ठरवून दिलेल्या मुदतीत त्याची वैधता लागते. ती न मिळाल्याने निवडून आल्यानंतरही पद गमावलेले सभासद आहेत. छाननीच्या टेबलाशी बसणाऱ्या अधिकाऱ्याचा अनुभव असा की अर्ज फेटाळला जातो तो बहुधा अपात्रतेपेक्षा रिकाम्या सोडलेल्या रकान्यामुळे.

खरी कठीण गोष्ट पुढे आहे. प्रचारात बोलायचे काय? बदलापूरचा मतदार पहाटेच्या गाडीने जातो आणि रात्री परततो. गावाशी त्याचा संबंध स्टेशन, स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता आणि घरातला नळ एवढाच उरतो. साहजिकच तो गाड्या वाढवा म्हणतो, पाणी वाढवा म्हणतो. उमेदवारही दोन्हींचे आश्वासन देऊन मोकळा होतो. गाड्या मध्य रेल्वेच्या हातात आहेत. बदलापूरचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. जवळच असलेले बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. वीज तर कधीच पालिकेची नव्हती. मुख्याधिकारी शासन नेमते, आणि नगरसेवकाला कोणत्याही कर्मचाऱ्याला परस्पर हुकूम देण्याचा अधिकार नाही. हे सांगणारा उमेदवार मते गमावतो असा समज आहे. मला तो पुरता पटत नाही. रोज चार तास प्रवास करणाऱ्या माणसाला कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे, हे बरेच चांगले कळते.

मग नगरसेवकाच्या हातात काय आहे? अंदाजपत्रक आहे. रस्ते, गटारे, दिवे, कचरा, बाजार, स्मशानभूमी आहे. पण वाढत्या गावात या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट आहे ती विकास योजना, म्हणजे गावाचा नकाशा. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली पालिका हा नकाशा तयार करते. कोणत्या जमिनीवर शाळा, कोठे मैदान, कोठे दवाखाना, कोठे रस्ता, याची आरक्षणे त्यात असतात. तो प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती घेता येतात. मात्र आरक्षण म्हणजे मैदान नव्हे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने ती जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने जमीन घेण्याची पावले उचलली नाहीत तर कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षण संपते. भांडण नाही, मोर्चा नाही. मुदत उलटते आणि मुलांच्या मैदानाच्या जागी इमारत बांधण्यास मालक मोकळा होतो. ही सूचना आली आहे काय, ती सभेपुढे ठेवली काय, जमिनीसाठी अंदाजपत्रकात पैसे धरले काय, हे विचारणे नगरसेवकाचे काम आहे. ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेले नाही.

नदीचेही तसेच. २००५ च्या जुलैत उल्हासच्या पुराने या पट्ट्याला तडाखा दिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. गाडी देशभर दिसली. पूररेषेजवळच्या इमारतींतील तळमजल्यावर त्या वर्षी काय झाले, ते तेथील लोकांनाच ठाऊक.

अशा गावाला २०२० पासून २०२५ च्या डिसेंबरपर्यंत एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. २०१५ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत संपली. आधी महामारी आली, मग आरक्षण आणि प्रभागरचना यांविषयीचे वाद न्यायालयात चालले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मधल्या काळात प्रशासकाने कारभार पाहिला. मी स्वतः शासनाचा सेवक आहे, त्यामुळे प्रशासक निष्काळजी असतो असे म्हणणार नाही. पण एखादे मैदान का सोडून दिले, असे त्याला उघड सभेत विचारणारा कोणी नसतो.

एकटा सभासद काय करणार, असा प्रश्न येथे हमखास येतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. खर्च थांबला नाही, विरोध मात्र नोंदला गेला. तेव्हाची पालिका आजच्यापेक्षा फार दुबळी होती आणि मतदार मूठभर होते. आजच्या नगरसेवकाला ठराव मांडता येतो, प्रश्न विचारता येतो, आणि इतिवृत्ताची प्रत सामान्य नागरिकालाही माहितीच्या अधिकाराखाली मागता येते.

ज्यांना पुढल्या खेपेस उभे राहण्याची इच्छा आहे, त्यांनी आपले नाव राहत्या गावाच्या यादीत आहे की नाही ते आधी पाहावे. आता वर्षातून चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या दिवशी अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांची नावे घेतली जातात. पत्ता बदललेल्यांना अर्ज क्रमांक ८ भरता येतो. त्यानंतर पालिकेत जाऊन विकास योजनेचा नकाशा मागावा, आपल्या प्रभागातील आरक्षणे त्यावर खुणेने दाखवून घ्यावीत, आणि एखाद्या रविवारी त्या जागांवर पायी जाऊन तेथे आज काय उभे आहे ते पाहून यावे.