चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

सॉफ्टवेअरमधला बग वापरणाऱ्याला लगेच जाणवतो. बिलाची बेरीज चुकते, ॲप मध्येच बंद पडते, खात्यातून पैसे जातात आणि तिकीट मात्र येत नाही. मेंटेनन्सचा दोष असा समोर येत नाही. प्रोग्रॅम बिनबोभाट चालू असतो, उत्तरे बरोबर येत असतात. फक्त त्यात काही बदलायचे म्हटले की प्रोग्रॅमर चाचरू लागतो. एका ठिकाणी हात लावावा तर भलतीकडेच काहीतरी बिघडते. दोन तासांच्या कामाला आठवडा लागतो. कारण विचारले तर ‘तो भाग लिहिणारा कधीच सोडून गेला’ एवढेच कळते.

बदल टाळून चालत नाही, हे मेयर लेहमन यांनी १९७४ मध्येच मांडले होते. वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलत राहिला नाही तर हळूहळू निरुपयोगी होतो, आणि बदलत राहिला तर त्यातली गुंतागुंत वाढत जाते. ती कमी करण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावेच लागतात, असे त्यांचे म्हणणे. १९९२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी याच स्थितीला कर्जाची उपमा दिली. घाईत केलेले काम म्हणजे उचललेले कर्ज. ते फेडले नाही तर पुढच्या प्रत्येक बदलावर व्याज चढते. ‘टेक्निकल डेट’ हा शब्द तेव्हापासून या धंद्यात रुळला.

हे व्याज कसे चढते ते औषधाच्या दुकानातल्या बिलिंग प्रोग्रॅमवरून पाहता येईल. अशा प्रोग्रॅममध्ये १२ हा आकडा जागोजागी लिहिलेला आहे असे समजा. कुठे तो जीएसटीचा दर आहे, कुठे वर्षाचे महिने, तर कुठे बिलाच्या एका पानावर मावणाऱ्या ओळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पा जवळजवळ मोडीत निघाला आणि बहुतेक औषधे ५ टक्क्यांवर आली. आता घाईघाईने सगळीकडे १२ च्या जागी ५ टाकले, तर कर बरोबर लागेल, पण बिलाच्या पानावर पाचच ओळी छापल्या जातील आणि औषधाची मुदत मोजताना वर्ष पाच महिन्यांचे होईल. उपाय अगदी साधा. प्रत्येक आकड्याला त्याच्या कामाचे नाव द्यायचे, आणि तो एकाच ठिकाणी लिहायचा: कर_दर, वर्षातले_महिने, पानावरच्या_ओळी. खरा अनुभवी प्रोग्रॅमर आणखी एक पायरी पुढे जातो आणि दराबरोबर तो लागू झाल्याची तारीखही नोंदवतो. २१ तारखेला विकलेले औषध गिऱ्हाईक २५ तारखेला परत घेऊन आले, तर त्याचा हिशोब जुन्या दरानेच करावा लागतो ना!

असे दोष ओळखीचे आहेत. एकच हिशोब पाच फाइलींत कॉपी-पेस्ट केलेला असतो आणि दुरुस्ती चारच ठिकाणी होते. एक फंक्शन हजार ओळींचे होऊन बसते. नाव ‘तपासा’ असलेले फंक्शन तपासता तपासता डेटाबेसमध्ये नोंदही करून टाकते. कोड बदलतो पण त्यावरची कॉमेंट जुनीच राहते, आणि चुकीची कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट.

अशा दोषांतला सर्वांत निरुपद्रवी वाटणारा दोष म्हणजे मेलेला कोड: वापर संपला, तरी काढून न टाकलेला. अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीला तो फारच महाग पडला. ‘पॉवर पेग’ नावाची सोय कंपनीने २००३ मध्ये वापरणे थांबवले, पण तिचा कोड सर्व्हरवर तसाच राहिला. मागितलेले शेअर मिळाले की ऑर्डर थांबवणारी मोजणी २००५ मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवली गेली; बंद असलेली सोय त्यानंतर पुन्हा तपासायचे कोणाला सुचले नाही. २०१२ मध्ये नवी सोय लिहिताना ‘पॉवर पेग’ चालू करणारा जुनाच फ्लॅग नव्या कामाला जुंपला. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला. १ ऑगस्टला बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षे झोपलेला कोड जागा होऊन न थांबता ऑर्डरी सोडू लागला. ४५ मिनिटांत १५४ शेअरांमध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. गोंधळात कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढून घेतला. त्यामुळे तिथेही जुना कोड चालू झाला. पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारी साधने हाताशी असताना ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून मेलेला कोड ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

असे दोष शोधायला साधने आहेत. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या संशयास्पद जागा दाखवणारा ‘लिंट’ हा प्रोग्रॅम लिहिला. आज बहुतेक प्रत्येक भाषेला स्वतःचा लिंटर आहे. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये गुंतागुंतीचे माप सुचवले: ‘जर-तर’ आणि लूप यांमुळे फंक्शनमध्ये किती स्वतंत्र वाटा तयार होतात ते मोजायचे, आणि आकडा दहाच्या पुढे गेला की फंक्शन फोडायचा विचार करायचा. सोनारक्यूबसारखी साधने अशी मापे, नकललेले भाग आणि न वापरलेले कोपरे यांची यादीच समोर ठेवतात. ही यादी मात्र डोळे झाकून पाळण्यासारखी नसते. बारा ‘जर’ लावून महिन्यांची नावे देणारे सरळसोट फंक्शन मॅककेबच्या मापात नापास होते, आणि ‘टेम्प२’ नावाच्या व्हेरिएबलवर उभा असलेला गोंधळ पास होतो.

यादी हाती आली की सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरतो. त्याचे चांगले उत्तर कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या इतिहासात सापडते. कोणती फाइल वरचेवर बदलते आणि त्याच वेळी गुंतागुंतीचीही आहे, ते पाहावे. पाच वर्षांत कोणी न उघडलेल्या फाइलमधला गबाळेपणा फारसे व्याज लावत नाही. दर आठवड्याला चार जणांचा हात लागणारी फाइल रोज लावते. माणसाच्या नजरेलाही पर्याय नाही. टीममध्ये नव्याने आलेली व्यक्ती कोड वाचताना जिथे अडखळते, ती जागा टिपून ठेवावी. सहा महिन्यांनी तिलाही ते खटकेनासे होते.

दुरुस्तीच्या रीतीला ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात: बाहेरून दिसणारे वागणे जसेच्या तसे ठेवून आतली मांडणी सुधारणे. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने तिला शिस्त दिली. फंक्शनचा एक तुकडा वेगळा काढा, त्याला नाव द्या, टेस्ट चालवा, मग पुढचे पाऊल. पाऊल इतके छोटे की चुकले तर लगेच मागे येता यावे. पण जुन्या कोडला बहुधा टेस्टच नसतात. मायकेल फेदर्स यांचा त्यावरचा तोडगा असा, की कोडने काय करायला हवे हा वाद बाजूला ठेवून तो आज काय करतो, तेच आधी टेस्टमध्ये नोंदवायचे. बिल २४९.५० चे असताना प्रोग्रॅम २५० छापत असेल, तर टेस्टमध्ये २५० च लिहायचे. ते चूक की बरोबर, हे नंतर दुकानदाराला विचारून ठरवता येते. मांडणी सुधारणे आणि वागणे बदलणे ही दोन कामे एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एकाच नोंदीत, मिसळली, की काय कशामुळे बिघडले ते कोणालाच सांगता येत नाही.

‘त्यापेक्षा सगळे नव्याने लिहू’ हा मोह प्रत्येक टीमला होतो. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा जुना कोड बाजूला ठेवून तसेच केले. आवृत्ती ४ नंतर थेट ६ आली, तीही नोव्हेंबर २००० मध्ये, आणि तोवर मैदान मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने मारले होते. त्याच कामातून पुढे फायरफॉक्स जन्मला हे खरे, पण नेटस्केपला त्याचा काही उपयोग झाला नाही. जुन्या कोडमधली विचित्र दिसणारी ओळ अनेकदा कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या खऱ्या तक्रारीवरचा इलाज असते. नव्याने लिहिताना ती तक्रार पुन्हा भोगावी लागते. थोडे थोडे बदलणे कंटाळवाणे असले तरी बहुतेक वेळा तेच स्वस्त पडते.

हा खर्च शेवटी सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्याच्याच खिशातून जातो. दुकानासाठी, संस्थेसाठी किंवा पतपेढीसाठी सॉफ्टवेअर करून घेणाऱ्यांनी करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पूर्ण सोर्स कोड, त्याचा गिटमधला इतिहास आणि चालणाऱ्या टेस्ट. शेवटचे पैसे देण्याआधी त्या टेस्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमरकडून त्याच्या मशीनवर चालवून बघाव्यात.